कँटनीजमध्ये कष्टांबद्दल कसं बोलायचं: नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने

हाँगकाँगला नोकरीसाठी किंवा जोडीदारासोबत राहायला आलेल्या मराठी माणसाचं इंग्रजीवर निभून जातं. ऑफिसात निभतं, बँकेत निभतं, मेट्रोत तर सूचनाही इंग्रजीत ऐकू येतात. पण बाजारातली भाजीवाली, बिल्डिंगचा वॉचमन, एसी दुरुस्त करायला आलेला कारागीर, मुलाच्या शाळेबाहेर नातवाची वाट बघणारी आजी, ही सगळी माणसं कँटनीजमध्ये जगतात. या शहरात दहातल्या जवळपास नऊ जणांची रोजची भाषा कँटनीज आहे. मकाव आणि चीनच्या ग्वांगदोंग प्रांताचा मोठा भागही तीच बोलतो.

‘नमस्कार’, ‘आभार’ आणि ‘केवढ्याला दिलं’ एवढं जमलं की पुढे काय शिकावं, असं कुणी विचारलं तर मी सांगते, कष्टांचे शब्द शिका. हाँगकाँगमधली माणसं कामाबद्दल सतत बोलतात. कोण उशिरापर्यंत थांबलं, कुणाचं पोरगं मन लावून अभ्यास करतं, कुणी नुसत्या पाट्या टाकतं, हे त्यांच्या गप्पांचं रोजचं खाद्य आहे. हे शब्द यादी करून पाठ करू नका, कारण प्रत्येक शब्द कोण कुणाला म्हणतं ते ठरलेलं आहे. आणि सुरुवात स्वतःच्या जिद्दीपासून करू नका. आधी दुसऱ्याच्या कष्टांची दखल घ्यायला शिका. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: कान आणि तोंड तयार करा

ही पायरी गाळू नका. कँटनीजमध्ये सहा सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने १९९३ मध्ये ‘युतपिंग’ नावाची रोमन लेखनपद्धती तयार केली. तिच्यात प्रत्येक अक्षरापुढे १ ते ६ असा सुराचा आकडा येतो. या लेखात मी उच्चार देवनागरीत देते आहे, पण आकडे युतपिंगचेच ठेवले आहेत.

सरगम येत असेल तर सूर लवकर बसतात. पहिला सूर म्हणजे वरचा ‘प’ लावून धरायचा. तिसरा म्हणजे ‘ग’ सपाट धरायचा, सहावा म्हणजे ‘रे’ सपाट धरायचा. चौथा ‘रे’पासून घसरत ‘सा’च्याही खाली जातो. दुसरा ‘रे’वरून थेट ‘प’पर्यंत चढतो, पाचवा ‘रे’वरून जेमतेम ‘ग’पर्यंत. नेमके स्वर महत्त्वाचे नाहीत, त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. आता ‘सी’ हे एकच अक्षर सहा सुरांत म्हणून बघा: सी१ म्हणजे कविता, सी२ इतिहास, सी३ प्रयत्न करून बघणं, सी४ वेळ, सी५ बाजार, सी६ बाब. यातला तिसरा आपल्या कामाचा आहे. ‘सी३ हा५ ला१’ म्हणजे ‘करून तर बघ’. दुकानदार चाखून बघायला देतानाही हेच म्हणतो.

उच्चारांत मात्र मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जे महिनोन्‌महिने जमत नाही ते आपल्याला घरूनच येतं. युतपिंगमध्ये ‘जी’ लिहिलेलं असलं तरी तो उच्चार आपला ‘क’ असतो आणि ‘के’ लिहिलेला ‘ख’. तसंच ‘बी’चा ‘प’, ‘पी’चा ‘फ’ (ओठ मिटून हवा सोडलेला), ‘डी’चा ‘त’, ‘टी’चा ‘थ’. ‘जे’ दिसला की ‘य’ म्हणायचं. ‘झेड’ म्हणजे ‘चाक’, ‘चोर’, ‘चमचा’ यांतला आपला दंत्य ‘च’. इथे दिलेला प्रत्येक ‘च’ तसाच म्हणा, आणि ‘छ’ म्हणजे तोच ‘च’ श्वास सोडून. दात ओठाला लावून म्हणायचा तो ‘फ़’ मी नुक्ता देऊन लिहिला आहे. शिवाय आखूड ‘अ’ आणि लांब ‘आ’ यांतला फरक कँटनीजमध्ये फार मोलाचा आहे. सम१ म्हणजे मन, साम१ म्हणजे तीन. कइ१ म्हणजे कोंबडी, काइ१ म्हणजे रस्ता. आपल्याला हा फरक ऐकूही येतो आणि करताही येतो.

अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, शब्दाच्या शेवटचे प्, त्, क्. आपण ‘नाक’ म्हणताना शेवटचा ‘क’ मोकळा सोडतो. कँटनीजमध्ये जीभ जागेवर नेऊन तिथेच अडवायची, हवा सोडायची नाही. ‘लिक्६’ म्हणजे बळ. हा शब्द पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच घोटून घ्या. दुसरं, दोन अनोळखी स्वर. ‘चोन६’मधला ‘ओ’ आखूड आहे, ओठ गोल पण जीभ ‘ए’सारखी पुढे. ‘लॅङ६’मधला ‘ॲ’ही ओठ गोल करून म्हणायचा. तिसरं, ‘ङ’ शब्दाच्या सुरुवातीला येतो: ङॉ५ म्हणजे मी. हाँगकाँगचे बरेच लोक, विशेषतः तरुण, तो ‘ङ’ गाळून ‘ऑ५’ म्हणतात, आणि ‘नेइ५’ (तू, तुम्ही) ला ‘लेइ५’ म्हणतात. ऐकू आलं तर गोंधळू नका, पण स्वतः आधी पूर्ण उच्चार शिका.

पायरी २: ‘सन१ फ़ू२ साइ३’

सन१ फ़ू२ म्हणजे कष्ट, हाल. साइ३ म्हणजे सगळं, पुरेपूर. दोन्ही जोडून झालं, ‘फार कष्ट घेतलेत तुम्ही’. आपण मराठीत ‘दमला असाल’ किंवा ‘तुम्हाला फार त्रास पडला’ म्हणतो त्या जागी हे बसतं.

जुन्या भागांत लिफ्ट नसलेल्या इमारती अजून आहेत, त्यांना थॉङ४ लउ२ म्हणतात. अशा इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन माणसं फ्रिज चढवून आणतात. दाराशी टेकवतात, गळ्यातल्या टॉवेलने मान पुसतात, कागद पुढे करतात. तुम्ही सही करता. इथे नुसतं ‘म्४ कॉइ१’ म्हटलं तरी चालतं. त्याचा अर्थ आभार, आणि दिवसातून पन्नास वेळा तोच शब्द वापरला जातो. पण त्याच्या पुढे ‘सी१ फ़ू२, सन१ फ़ू२ साइ३’ एवढं म्हणा. ‘सी१ फ़ू२’ म्हणजे उस्ताद, मिस्तरी. हातात कसब असलेल्या माणसाला, टॅक्सीवाल्यालासुद्धा, याच नावाने हाक मारतात. परदेशी चेहऱ्याच्या माणसाकडून हे ऐकलं की समोरचा थबकून तुमच्याकडे बघतो, आणि मग उत्तर देतो: ‘म्४ सइ२ हाक्३ हेइ३’, संकोच कसला त्यात. किंवा ‘यिङ१ कॉइ१ के३’, ते तर करायलाच हवं.

रात्रपाळीचा वॉचमन, सणाच्या दिवशी कचरा नेणारी बाई, तुमच्यासाठी धावपळ केलेला सहकारी, मुलांना दिवसभर सांभाळलेले सासू-सासरे, सगळ्यांना हे चालतं. लहान-मोठा असा भेद इथे आड येत नाही.

एक जपायचं. ‘साइ३’ काढून ‘होउ२ सन१ फ़ू२’ असं स्वतःबद्दल म्हटलंत तर त्याचा अर्थ ‘मला फार त्रास होतोय’ असा होतो. डॉक्टरकडे ते बरोबर आहे. ऑफिसात कामाबद्दल म्हटलंत तर ती तक्रार ठरते.

पायरी ३: ‘का१ यउ४’

हा शब्द तुम्ही आधीच ऐकला असेल. शब्दशः ‘तेल घाल’. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने २०१८ मध्ये याचंच शब्दशः इंग्रजी रूप ‘ॲड ऑइल’ दाखल करून घेतलं, आणि ते हाँगकाँगच्या इंग्रजीतून आलेलं आहे. पेट्रोल भरण्यासाठी मात्र हाँगकाँगमध्ये बहुधा ‘यप्६ यउ४’ म्हणतात, त्यामुळे पंपावर गोंधळ होत नाही.

कधी म्हणायचं? परीक्षेला निघालेल्या मुलाला, जिथे आपण ‘ऑल द बेस्ट’ म्हणतो. मुलाखतीला निघालेल्या मैत्रिणीला. शर्यतीत धापा टाकणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा. चिनी चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यात पाचव्या दिवशी ड्रॅगन बोटींच्या शर्यती होतात. नावेत बसलेला ढोलवाला ताल देतो आणि काठावरची गर्दी त्याच तालात ‘का१ यउ४! का१ यउ४!’ ओरडते. सूर पक्का करायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण पहिला उंच सूर आणि चौथा पडता सूर यांतलं अंतर तिथे अगदी स्पष्ट ऐकू येतं. २०२१ मध्ये तलवारबाज चेउंग का-लाँगने टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं, १९९६ मधल्या ली लाइ-शानच्या नौकानयनातल्या सुवर्णानंतरचं हाँगकाँगचं पहिलंच. त्या दिवसांत मॉलमधल्या मोठ्या पडद्यांसमोर जमलेल्या लोकांच्या तोंडी हाच शब्द होता.

शेवटी एक छोटा प्रत्यय लावला की आवाजाचा पोत बदलतो. ‘का१ यउ४ आ३’ मऊ आहे, जवळच्या माणसाला म्हणण्यासारखं. ‘का१ यउ४ ला१’ यात थोडा रेटा आहे, ‘चल, लाव जोर’.

आणि कधी म्हणायचं नाही? माणूस आधीच रात्रंदिवस खपत असेल, तर त्याला आणखी तेल घालायला सांगू नका. घरात मोठं आजारपण असेल तर ‘पोउ२ चुङ६’ म्हणा, म्हणजे ‘जपून राहा’. आजाऱ्यालाही लोक ‘का१ यउ४’ म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण नवशिक्याला सुरातली माया पोचवता येत नाही आणि मग ते कोरडं वाटतं, असं माझं मत आहे.

पायरी ४: ‘पेइ२ सम१ केइ१’

अस्सल कँटनीज शिकायची असेल तर माझ्या मते हाच वाक्प्रचार सर्वांत आधी मुरला पाहिजे. पुस्तकं तुम्हाला ‘नोउ५ लिक्६’ शिकवतील. तो शब्द चुकीचा नाही, पण तो भाषणात, बातम्यांत, शाळेच्या फलकावर जास्त शोभतो. घरात, वर्गात, ट्यूशनमध्ये ऐकू येतं ते ‘पेइ२ सम१ केइ१’.

पेइ२ म्हणजे देणं. सम१ केइ१ म्हणजे मन, लक्ष, चित्त. काम करताना त्यात मन ओतायचं, एवढा साधा भाव आहे. ‘पेइ२ सम१ केइ१ तुक्६ स्यू१ ला१’ म्हणजे ‘मन लावून अभ्यास कर बाळा’. हे वाक्य हाँगकाँगमध्ये वाढलेल्या प्रत्येकाने आईच्या, आजीच्या, मास्तरांच्या तोंडून ऐकलेलं असतं. चिनी नववर्षाला मोठी माणसं लहानांना लाल पाकिटातून पैसे देतात, त्याला लइ६ सी६ म्हणतात. तेव्हा आशीर्वादही देतात, ‘हॉक्६ यिप्६ चोन३ पोउ६’, म्हणजे विद्येत प्रगती होवो, आणि त्यालाच जोडून ‘पेइ२ सम१ केइ१’ची आठवणही करून देतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. हे मोठ्याने लहानाला म्हणायचं वाक्य आहे. शिक्षक विद्यार्थ्याला म्हणेल, थोरली बहीण धाकट्याला म्हणेल, जवळचा मित्र मित्राला म्हणेल. साहेबांना म्हणू नका. त्याने समोरचा मन लावत नाही, असं सुचवल्यासारखं होतं.

आता याचे बाकीचे अवतार बघा. मधे शब्द घालता येतात: ‘पेइ२ तॉ१ ती१ सम१ केइ१’ म्हणजे ‘आणखी थोडं मन लाव’. ‘तॉ१ ती१’ म्हणजे थोडं जास्त. मुलाला ओरडायचं नसेल पण हलकेच टोचायचं असेल तेव्हा आई हे म्हणते. ‘मोउ५ सम१ केइ१’ म्हणजे मन लागत नाही, कशातच गोडी नाही. मैत्रीण असं म्हणाली तर तिला कामाचा सल्ला देऊ नका, आधी काय झालं ते विचारा. आणि ‘होउ२ यउ५ सम१ केइ१’ हे कौतुक आहे. कुणी तासन्‌तास बसून सुबक काही केलं असेल, चिकाटीने मुलाला वाचायला शिकवलं असेल, तर हे म्हणायचं.

सावधगिरी एवढीच की हा अर्थ कँटनीजमधला आहे. चीनच्या इतर भागांतून आलेल्या मँडरिनभाषकाशी बोलताना हाच शब्द वापरलात तर त्याला त्यात कावेबाजपणाचा वास येऊ शकतो, कारण तिकडे त्या अक्षरांना तो रंग आहे.

याच कुटुंबातला ‘खन४ लिक्६’ म्हणजे मेहनती. ‘खोइ५ होउ२ खन४ लिक्६’ म्हणजे ‘तो (किंवा ती) खूप मेहनती आहे’. शाळेतल्या मुलांबद्दल हे जास्त बोललं जातं. याउलट लान५, आळशी. दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक करताना ‘होउ२ लेक्१’ म्हणजे हुशार असंही म्हणता येतं, पण आजी-आजोबांना ‘खन४ लिक्६’ ऐकून जास्त बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

पायरी ५: शब्द देताना

आता स्वतःबद्दल बोलू. ‘ङॉ५ वुइ५ चोन६ लिक्६’ म्हणजे ‘मी जमेल तेवढं सगळं करीन’. चोन६ म्हणजे संपवणं, शेवटापर्यंत नेणं. लिक्६ म्हणजे बळ. अंगातलं सगळं बळ लावीन, असा तो शब्द आहे. याचं भारदस्त रूप ‘चोन६ लिक्६ यी४ वइ४’. ते पत्रात, सभेत, मुलाखतीत वापरा.

याच्या शेजारी राहणारा शब्द ‘चोन६ लॅङ६’, म्हणजे ‘शक्यतो, होईल तितकं’. दिसायला सारखा, पण वजन फार हलकं. ‘शनिवारी येतोस का?’ या प्रश्नाला ‘ङॉ५ चोन६ लॅङ६ ला१’ असं उत्तर आलं तर खुर्ची राखून ठेवू नका. आपल्या ‘बघतो, जमलं तर’ची तीच जात आहे. उलट तुम्हाला खरोखर शब्द द्यायचा असेल आणि चुकून ‘चोन६ लॅङ६’ म्हणालात, तर साहेबांना वाटेल की गडी आत्ताच पळवाट ठेवतोय.

काम होऊन गेल्यावर ‘मी माझ्याकडून सगळं केलं’ असं सांगायचं असेल तर शब्द मधून फोडावा लागतो: ‘ङॉ५ चोन६ चॉ२ लिक्६’. ‘चॉ२’ हा झालेली गोष्ट दाखवणारा प्रत्यय दोन अक्षरांच्या मधे बसतो. ‘चोन६ लिक्६ चॉ२’ म्हणू नका. कँटनीजमध्ये असे फोडता येणारे शब्द पुष्कळ आहेत, आणि एका शब्दावर ही खोड समजली की बाकीचे आपोआप उलगडतात.

अंगातल्या ताकदीबद्दल बोलायचं तर शब्द वेगळा: ‘ताइ६ लिक्६’ म्हणजे जोरात, ताकदीने. झाकण उघडत नाही, मालिश हलकी होतेय, दार घट्ट बसलंय, तेव्हा ‘ताइ६ लिक्६ ती१’, जरा जोर लावा. ‘अभ्यास जोर लावून कर’ अशा अर्थी तो वापरू नका.

पायरी ६: ‘पॉक्३’ आणि त्याचं वजन

पॉक्३ म्हणजे झुंजणं, पणाला लावणं. ‘पॉक्३ मेङ६’ म्हणजे जीव पणाला लावून, आपल्या भाषेत जिवाचं रान करून. ‘पॉक्३ चोन६’ म्हणजे हातचं राखून न ठेवता खेळणं. खेळाडू आणि त्यांचे चाहते हे फार वापरतात. नुसतं ‘होउ२ पॉक्३’ म्हटलं तर ‘भलताच झटतोय’.

ऑफिसातलं रोजचं चित्र असं. रात्रीचे आठ वाजून गेलेत, अर्धे दिवे मालवलेत, एक जण अजून पडद्यासमोर आहे. दुसरा बॅग खांद्याला अडकवून त्याच्या टेबलापाशी थांबतो.

‘चुङ६ मेइ६ चउ२ आ३?’ (अजून निघाला नाहीस?)

‘हॉइ१ ओटी लॉ१.’ (ओव्हरटाइम, दुसरं काय.)

‘सन१ फ़ू२ साइ३. म्४ होउ२ कम३ पॉक्३ ला१.’ (दमलास रे. इतकं नको मर मर करूस.)

शेवटचं वाक्य तोंडपाठ करा. ‘म्४ होउ२’ म्हणजे नको, ‘कम३’ म्हणजे इतकं. यात टीका नाही, आपुलकी आहे. त्याला जोडून ‘थउ२ हा५ ला१’ म्हणता येतं, ‘जरा विसावा घे’. मात्र सूर सांभाळा. थउ२ म्हणजे विश्रांती घेणं, थउ१ म्हणजे चोरणं.

पॉक्३ची काळी बाजूही आहे. ‘पॉक्३ छाउ२’ म्हणजे नोकरीवरून काढून टाकावं असंच वागणं. छाउ२ म्हणजे कढईत परतणं. हाँगकाँगमध्ये नोकरी गेली की माणसाचा ‘माकुल परतला’ म्हणतात. ही बोली मित्रांत ठीक, कामाच्या बैठकीत नको.

जास्त कामाबद्दल कुरकुर करायची तर ‘चोउ६ तोउ३ हेइ३ खत्१’, काम करून करून धाप लागली. किंवा ‘चोउ६ तोउ३ चेक्३ कउ२ कम२’, कुत्र्यासारखं राबलो. दोन्हीत ‘चोउ६ तोउ३’ म्हणजे ‘इतकं केलं की’. हा साचा उचला आणि पुढे हवं ते जोडा. आणि सगळं एकट्याच्या गळ्यात पडलं असेल तर ‘यत्१ कॅक्३ थेक्३’, शब्दशः एकाच पायाने लाथ, म्हणजे झाडण्यापासून हिशेबापर्यंत सगळं एकाच माणसाने करणं. छोट्या दुकानांत हे रोज ऐकू येतं.

पायरी ७: सोसण्याचे शब्द

‘ङाइ४’ म्हणजे सोसत राहणं, दिवस काढणं. ‘ङाइ४ सइ३ काइ३’ म्हणजे जगाशी झगडत पोट भरणं. सइ३ काइ३ म्हणजे जग. हा शब्द कळायला हाँगकाँगचा इतिहास थोडा माहीत असावा. दुसऱ्या महायुद्धानंतर चीनमधून लोंढेच्या लोंढे इथे आले आणि डोंगरउतारांवर झोपड्या उभ्या राहिल्या. १९५३ च्या नाताळात शेक किप मेइच्या झोपडपट्टीला आग लागली आणि ५० हजारांहून अधिक माणसं एका रात्रीत बेघर झाली. तिथूनच सरकारी घरबांधणीला वेग आला. बायका-मुलं घरात बसून कारखान्यांसाठी प्लॅस्टिकची फुलं ओवायची. शहराच्या कौलून या भागाच्या माथ्यावर ४९५ मीटर उंचीचा सिंहाच्या आकाराचा कडा आहे, त्या पिढीच्या चिकाटीला लोक त्याच्याच नावाने ‘लायन रॉक स्पिरिट’ म्हणतात. म्हातारी माणसं ‘ङाइ४’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हे सगळं असतं. तो शब्द त्यांच्याकडून ऐकावा. आरामाच्या नोकरीबद्दल आपण तो वापरला तर पोकळ वाटतो.

‘तिङ२’ म्हणजे टेकू देणं, पेलणं. ‘तिङ२ च्यू६’ म्हणजे ‘टिकून राहा’. ‘तिङ२ ङाङ६ सॅङ५’ म्हणजे झेपत नसलं तरी दात-ओठ खाऊन पुढे रेटणं. आणि ‘तिङ२ म्४ सोन६’ म्हणजे ‘आता सहन होत नाही’. हे शेवटचं उकाड्याबद्दल, गर्दीबद्दल, शेजारच्या ड्रिलिंगबद्दल, कशाबद्दलही म्हणता येतं.

पायरी ८: उलट बाजू आणि दोन म्हणी

कामचुकाराला ‘से४ वॉङ४’ म्हणतात, नागराज. काम सोडून हळूच सटकणं म्हणजे ‘थउ१ कइ१’, कोंबडी चोरणं. कसंतरी उरकणं म्हणजे ‘खउ४ खेइ४’. काहीही न करता लोळत वेळ घालवणं म्हणजे ‘हे३’. हे शब्द ओळखता यावेत एवढंच पुरे. दुसऱ्याला लावायची घाई करू नका.

म्हणी दोनच सांगते. ‘लिक्६ पत्१ तोउ३ पत्१ वइ४ छॉइ४’, म्हणजे बळ लावल्याशिवाय धन नाही. दुकानदारांच्या तोंडी ही शोभते. दुसरी ‘लम४ कप्१ फोउ५ फ़त्६ कॅक्३’, ऐनवेळी बुद्धाचे पाय धरणं. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्याला ती लावतात. गंमत म्हणजे आपली ‘तहान लागल्यावर विहीर खणणं’ ही म्हणही चिनीत जशीच्या तशी आहे: ‘लम४ हॉत्३ क्वत्६ चेङ२’. पण बोलण्यात बुद्धाचे पायच जास्त चालतात.

पायरी ९: सराव

एका आठवड्यात एकच वाक्प्रचार घ्या, आणि तो रोज एका खऱ्या माणसाला म्हणा. पहिला आठवडा वॉचमनला ‘सन१ फ़ू२ साइ३’. दुसरा आठवडा ‘का१ यउ४’, कुणाच्या परीक्षेला, सामन्याला, प्रेझेंटेशनला. मोबाइलमध्ये स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि कँटनीजभाषक सहकाऱ्याच्या आवाजाशेजारी ठेवून ऐका. सूर कुठे पडतो ते आपलं आपल्यालाच कळतं.

कानासाठी मेट्रो उत्तम. तिथे प्रत्येक सूचना कँटनीज, मँडरिन आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांत येते. एकच वाक्य तीनदा ऐकून पहिलं कोणतं ते ओळखायचं. शब्द तपासायला वर्ड्‌स डॉट एचके हा स्वयंसेवकांनी उभा केलेला शब्दकोश चांगला आहे, उदाहरणं बोलीतली असतात. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२४ पासून कँटनीज आली आहे, पण भाषा निवडताना नुसतं ‘चायनीज’ निवडू नका. यंत्र ‘का१ यउ४’च्या जागी ‘च्या यौ’ म्हणालं तर समजा की ती मँडरिन आहे.

वाचायला लागाल तेव्हा एक अडचण येईल. वर्तमानपत्रातली लिखित चिनी आणि तोंडातली कँटनीज यांत अंतर आहे. ‘पेइ२’, ‘चॉ२’, ‘ती१’ असे शब्द औपचारिक लिखाणात फारसे दिसत नाहीत, पण व्हॉट्सॲपवर हाँगकाँगची माणसं ते बिनदिक्कत लिहितात. म्हणून अक्षरं शिकायची तर आधी मित्रांच्या गटातले संदेश वाचायला घ्या, अग्रलेख मागाहून.

आणि तुम्ही शिकताय हे कळल्यावर समोरून ‘का१ यउ४’ येणारच. तेव्हा गप्प राहू नका. ‘तॉ१ चे६, ङॉ५ वुइ५ चोन६ लिक्६’ म्हणा. तॉ१ चे६ हे भेटवस्तूसाठी आणि शुभेच्छांसाठी मानायचे आभार आहेत, इथे म्४ कॉइ१ बसत नाही.